आत्यांचं ताट वेगळं का?

(पत्राचा सारांश. नाव, पेठ आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

सोलापुरातली पंचविशीतली वाचक, पहिलटकरीण, पाचवा महिना चालू. नवरा यंत्रमागावर टॉवेल विणतो. सासूबाईंना ती आत्या म्हणते. आत्यांनी उभा जन्म विड्या वळल्या, सासऱ्यांनी त्या ओढल्या. यंदा आत्यांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. बार्शीला पाच आठवडे शेक (म्हणजे किरणोपचार), आठवड्याला एक केमोचं सलाईन आणि शेवटी तीनदा ‘आतून’ शेक, असे उपचार तीन आठवड्यांपूर्वी संपले. घरी आल्यावर आत्यांनी माळ्यावरचं जुनं जर्मनचं ताट काढलं आणि त्यातच जेवू लागल्या. तांब्या वेगळा, अंथरूण पडवीत. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी थांबवलंही नाही.

वाचकाची आई अक्कलकोटहून रोज फोन करते: शेकाने पेशीतली गुणसूत्रं मोडतात, ती किरणं अंगात राहतात, पोटातल्या बाळाला बाधतील. आत्ताच निघून ये, आणि डोहाळजेवणात ओटी भरायला त्यांना पुढे करू नकोस. पुरावा म्हणून ती सांगते की उपचार संपूनही आत्यांचे जुलाब आणि थकवा वाढलाच. त्यातच वाचकाला आठवलं की दिवस गेल्याचं कळायच्या आधी, दुसऱ्या महिन्यात, खोकल्यासाठी तिचा स्वतःचा छातीचा एक्स-रे काढला होता. ‘बाळाला जपू की आत्यांचं मन जपू? घरातलं सगळं मीच बघते, डोकं चालेनासं झालंय,’ असं तिने लिहिलं आहे.

ताई,

तुमच्या पत्रात आई आहे, आत्या आहेत, सासरे आहेत. नवऱ्याबद्दल मात्र एकच वाक्य आहे, ‘हे काही बोलत नाहीत.’ त्यांच्याकडे नंतर येते. आधी किरणांचं बघू.

आईंचं सगळंच बोलणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. शेकाने गुणसूत्रं मोडतात हे खरंच आहे, आणि ती मोडावीत म्हणूनच तर शेक देतात. त्या घसरतात त्या पुढच्या पायरीवर, किरणं अंगात राहतात असं म्हणतात तिथे.

मशीनमधून येतो तो एक्स-रेच असतो, छातीच्या फोटोला वापरतात त्याच्यापेक्षा कितीतरी जोरदार. शरीरातून आरपार जाताना तो वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो. पेशीत सगळ्यात जास्त असतं पाणी, त्यामुळे बहुतेक वेळा फटका पाण्यालाच बसतो. पाण्याचा रेणू फुटून हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय चिडका तुकडा तयार होतो आणि तो शेजारच्या डीएनएला, म्हणजे गुणसूत्रं ज्याची बनतात त्या दुपदरी धाग्याला, चावतो. एक्स-रेने डीएनएचं जे नुकसान होतं, त्यातलं साधारण दोन तृतीयांश या आडवाटेने होतं, उरलेलं थेट धडकेने. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी उरकतं.

शेकाचं माप ग्रे या एककात असतं. १ ग्रे मात्रेत एका पेशीच्या डीएनएत एकेरी तुटी हजाराच्या आसपास होतात आणि दुहेरी, म्हणजे दोन्ही पदर एकाच जागी तुटण्याच्या, चाळीसेक. आत्यांना रोज साधारण २ ग्रे मिळाले असतील, आठवड्याचे पाच दिवस. तुमच्या घरात माग आहे म्हणून त्याच भाषेत सांगते. ताण्यातला एक धागा तुटला तर गाठ मारून माग पुन्हा चालू करता येतो, कापडावर कळतही नाही. पण एकाच जागी जुडगाच तुटला तर कोणतं टोक कोणाला जोडायचं याचा घोळ होतो, आणि तो घोळ माग पुढे चालल्यावरच कापडात दिसतो. पेशीचंही तसंच होतं. एकेरी तूट ती समोरचा पदर बघून सहज सांधते. दुहेरी तुटीत चुका होतात, तुकडे गळतात, भलतं टोक भलत्याला जुळतं.

दुरुस्ती हे पेशीचं रोजचं काम आहे, शेक असो वा नसो. तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत दररोज डीएनएला हजारो बारीक इजा आपसूक होत असतात आणि सांधल्याही जातात. पेशी हे कसं करते याचा छडा लावणाऱ्या लिंडाल, मॉड्रिच आणि संकार या तिघांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शेकाचा डाव याच दुरुस्तीवर बेतलेला असतो. रोज थोडी थोडी मात्रा दिली की मधल्या वेळात निरोगी पेशी बऱ्यापैकी सावरतात. कॅन्सरच्या पेशींची दुरुस्तीची यंत्रणा बहुधा आधीच बिघडलेली असते, त्या मागे पडत जातात. एवढ्यासाठीच बार्शीच्या त्या पंचवीसेक खेपा. सगळं एका दिवसात उरकता आलं असतं तर कोणी सत्तर किलोमीटरची एसटी रोज करायला लावली नसती.

आता ‘अंगात राहतात’चं. मशीन बंद झालं त्या क्षणी आत्यांच्या अंगात एकही किरण उरला नव्हता. कपड्यांत नाही, घामात नाही, लघवीत नाही. बाहेरून दिलेल्या शेकाने माणूस किरणोत्सर्गी होत नाही. आतून दिलेल्या शेकाबद्दल शंका येणं मात्र रास्त आहे, कारण तिथे खरंच किरणोत्सर्गी पदार्थ वापरतात, बहुतेक ठिकाणी इरिडियम-१९२ किंवा कोबाल्ट-६०. पण त्याचा इवलासा तुकडा तारेच्या टोकाला असतो. मशीन तो नळीतून आत सरकवतं, काही मिनिटं ठेवतं आणि पुन्हा स्वतःच्या जाड धातूच्या पेटीत ओढून घेतं. नळ्या काढल्या की विषय संपला. तुम्ही सोबत जाऊन बाहेर बाकावर बसत होतात, त्याचीही काळजी नको. त्या खोल्यांच्या भिंती याच हिशेबाने मीटर-दोन मीटर जाड काँक्रीटच्या बांधतात.

खरं तर थोडा किरणोत्सर्ग प्रत्येकाच्याच अंगात असतो. जेवणातून आलेल्या पोटॅशियमचा एक अंश, पोटॅशियम-४०, मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला चार-साडेचार हजार वेळा विघटन पावतो. तो आत्यांच्या अंगात आहे, तुमच्या आहे, आणि रोज फोन करणाऱ्या तुमच्या आईंच्याही.

मग उपचार संपल्यावर त्रास वाढला कसा? आईंचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो डोळ्यांनी पाहिलेला आहे. आईंनी नीट पाहिलंय, अर्थ तेवढा चुकीचा लावला. किरणांनी जखमी झालेली पेशी बहुतेक वेळा जागच्या जागी मरत नाही. ती आपलं काम रेटत राहते. मरते ती दोन व्हायला जाते तेव्हा, कारण मोडकी गुणसूत्रं सरळ वाटून देता येत नाहीत. म्हणून ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना आधी झळ बसते: आतड्याचं अस्तर, कातडी, हाडांतला रक्त तयार करणारा मगज. बर्गोनिए आणि ट्रिबोंडो या फ्रेंच डॉक्टरांनी १९०६ मध्येच हे मांडलं होतं. आत्यांचा शेक ओटीपोटावर होता, वाटेत आतडं आलं. अस्तराच्या जुन्या पेशी गळत गेल्या आणि नव्या वेळेत आल्या नाहीत, म्हणून जुलाब. असा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि शेक संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो. किरण कधीच गेलेले असतात, त्यांनी केलेली मोडतोड हिशेबाला उशिरा येते. याच कारणाने कॅन्सरची गाठही उपचार संपल्यावर विरघळतच राहते, आणि शेक कितपत लागू पडला हे बघायचा स्कॅन डॉक्टर साधारण तीन महिन्यांनी काढायला सांगतात.

तोवर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आत्यांच्या पुढ्यातून उचला. मऊ भात, ताक, केळं, साखर-मीठ-पाणी. सोलापूरच्या माणसाला ही शिक्षाच आहे, पण महिनाभराची आहे. जुलाब दिवसात सहा-सात वेळांवर गेले, ताप आला किंवा रक्त दिसलं तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा. आणि एक गोष्ट कुठेतरी लिहून ठेवा: शेकाचे काही परिणाम महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही दिसतात. संडास-लघवीतून रक्त जाऊ लागलं तर ‘ते तर जुनं झालं’ म्हणून सोडून देऊ नये.

आता तुमचा खरा प्रश्न, मोडलेली गुणसूत्रं बाळात उतरतील का. तुमचे यजमान ज्या दिवशी आत्यांच्या पोटात राहिले, त्या दिवशी आत्यांनी त्यांना जे द्यायचं ते देऊन झालं. त्याला आता पंचवीस-तीस वर्षं होऊन गेली. या वर्षी आत्यांच्या पेशींत जे झालं ते मागे जाऊन मुलाच्या पेशींत शिरायला वाटच नाही, मग नातवात कुठून शिरणार? शेजारी झोपून, एका ताटात जेवून एकाची गुणसूत्रं दुसऱ्याला लागत नाहीत.

ही भीती आली कुठून तेही समजून घ्या, ती काही अडाणीपणातून आलेली नाही. अमेरिकेतल्या हरमन म्युलर यांनी १९२७ मध्ये दाखवून दिलं की फळमाश्यांना एक्स-रे दिले तर त्यांच्या पुढच्या पिढ्यांत बदल उतरतात. त्यांना १९४६ मध्ये नोबेल मिळालं, आणि तेही हिरोशिमा-नागासाकीच्या दुसऱ्याच वर्षी. जग हादरलं होतंच. त्यानंतर अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या सत्तर हजारांहून अधिक मुलांवर अनेक दशकं लक्ष ठेवलं गेलं. ही मुलं बॉम्बनंतर गर्भात राहिलेली. आईबापांना लागलेल्या किरणांमुळे त्यांच्यात जन्मजात व्यंग किंवा आनुवंशिक आजार वाढल्याचं आढळलं नाही. बॉम्ब पडला तेव्हा जी बाळं पोटात होती, त्यांची गोष्ट मात्र वेगळी. गर्भाच्या आठव्या ते पंधराव्या आठवड्यात मोठी मात्रा बसलेल्यांपैकी काहींची डोकी लहान राहिली, मेंदूची वाढ खुंटली. किरणं थेट गर्भावर पडण्याला डॉक्टर जपतात ते यामुळे.

म्हणजे गाडी तुमच्या एक्स-रेवर आली. छातीच्या एक्स-रेत झोत छातीवर असतो, पोटातल्या गर्भापर्यंत पोचतो तो अगदी कण, ०.०१ मिलिग्रेपेक्षाही कमी (हजार मिलिग्रे म्हणजे १ ग्रे). जमीन, हवा, आकाश आणि आईचं अंग यांतून नऊ महिन्यांत कोणत्याही बाळाला जे नैसर्गिक किरण मिळतात, ते याच्या निदान पन्नासपट भरतात. व्यंगाची धास्ती धरावी ती १०० मिलिग्रेच्या पुढे, आणि तुम्ही त्याच्या आसपासही नाही. या एका फोटोपायी गर्भ ठेवावा की नाही असा विचार कोणी तुमच्या डोक्यात घातला असेल तर तो काढून टाका. फोटो काढण्यापूर्वी पाळीची तारीख विचारायला हवी होती, ती विचारली नाही, हे चुकलंच. इतर वाचक भगिनींनी यातून एवढंच घ्यावं की कोणी विचारो न विचारो, पाळी चुकली असेल तर टेबलावर चढण्यापूर्वी आपणच सांगावं. डॉक्टर गरज पाहून ठरवतील.

मग अंतर ठेवायचंच नसतं का? काही वेळा ठेवायचं असतं. थायरॉइडच्या आजारात मोठ्या मात्रेने किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ पाजतात, तेव्हा औषध खरंच अंगात राहतं आणि लघवी-घामातून बाहेर पडतं. अशा माणसाने गरोदर बाई आणि लहान मुलांपासून किती दिवस दूर राहायचं हे रुग्णालय लिहून देतं, ते तंतोतंत पाळावं. पेट-स्कॅनसाठी टोचतात त्या औषधातलं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, तिथे एक दिवस जपलं की पुरे. आणि तिसरी गोष्ट, जिचा किरणांशी काही संबंध नाही पण घरोघरी हमखास निसटते: केमो. आत्यांच्या सलाईनमधलं औषध दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त, लघवी आणि उलटीतून बाहेर येतं. त्या दिवसांत गरोदर बाईने त्यांची उलटी काढू नये, खराब झालेल्या चादरी धुऊ नयेत. ते काम दुसऱ्याने हातमोजे घालून करावं. आत्यांचं शेवटचं सलाईन होऊन तीन आठवडे उलटले, त्यामुळे आता तुम्हाला ती चिंता नाही. उपचार चालू असताना हे काम तुमच्याच गळ्यात पडलं होतं का? पत्रावरून तसं वाटतं. पडलं असेल तर तुमच्या डॉक्टरांना सांगा, पण त्यावरून रात्री जागवू नका.

राहवत नाही म्हणून सांगते. तुमच्या घरात किरणोत्सर्गी वस्तू शोधायचीच असेल तर ती सासऱ्यांच्या खिशात आहे. तंबाखूच्या पानात पोलोनियम-२१० हा किरणोत्सर्गी पदार्थ अल्प प्रमाणात असतो आणि धुरातून तो ओढणाऱ्याच्या फुप्फुसात जाऊन बसतो. धुरातली बाकीची विषं तर त्याहून घातक. दुसऱ्याच्या विडीच्या धुराने बाळाचं वजन कमी भरतं, हे पक्कं ठाऊक असलेलं सत्य आहे. जिच्यापासून बाळाला काडीचा धोका नाही ती बाई पडवीत झोपते आणि विडी माजघरात पेटते. अंथरुणांची अदलाबदल करायची असेल तर ती अशी करा: विडी अंगणात, आत्या आत.

आता ताटाचं. आत्यांनी ते स्वतःहून वेगळं केलं आणि तुम्ही सगळ्यांनी ते त्यांच्या मनासारखं म्हणून चालवून घेतलं. खरंच त्यांच्या मनासारखं आहे का? कॅन्सर लागट असतो असं त्यांनाच वाटत असेल. किंवा उद्या सून म्हणेल त्याआधी आपणच बाजूला झालेलं बरं, असा विचार असेल. बायका असं करतात. कॅन्सर ताटावाटीतून लागत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे जवळजवळ नेहमी एचपीव्ही हा विषाणू असतो. तो शरीरसंबंधातून येतो, इतका सर्रास आढळतो की कोणाच्या वागण्याकडे बोट दाखवायचं कारण नाही, आणि त्याचा कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, देशातली ती पहिलीच ग्रामीण नोंदणी. हा आजार आपल्याकडे किती बायकांना होतो हे तिथल्या लोकांना विचारा. घरातल्या नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस द्या, आणि तिशीनंतर तुम्ही स्वतः गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. घाबरून करायचं काही असेल तर ते हे.

उलट सध्या जपायला हवं ते आत्यांना. ओटीपोटाच्या हाडांतला मगज शेकाने दमलेला असतो, त्यात केमो, त्यामुळे पांढऱ्या पेशी कमी असू शकतात. घरात कोणाला सर्दी-ताप असेल तर त्याने त्यांच्यापासून दूर राहावं.

माहेरी जायचं का? माझा उलटा प्रश्न आहे. ‘सगळं मीच बघते’ हे वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय. पाचव्या महिन्यात स्वयंपाक, धुणीभांडी, आजारी माणसाचं पथ्यपाणी, सगळं एकटीवर. तुम्हाला विश्रांती हवी आहे आणि ती मागायची सोय नाही, म्हणून किरणांचं कारण बरं वाटतंय, असं तर नाही ना? तसं असेल तर खुशाल जा, पंधरा दिवस जा. पण ‘मला थकवा आलाय’ असं सांगून जा. सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी तुम्ही जाणारच आहात, त्याला कोणी हरकत घेणार नाही. आत्ता आत्यांच्या शेकाचं कारण काढून गेलात तर ते वाक्य त्या घरात कायमचं राहील. ओटीच्या बाबतीत माझं मत सरळ आहे: आत्यांना भरू द्या, पहिली त्यांनाच भरू द्या. आईंना वाईट वाटेल. त्यांची समजूत पत्राने किंवा माझ्या सदराने पटणार नाही, त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला हवं.

आणि इथे तुमचे यजमान हवेत. शेक संपल्यावर महिना-दीड महिन्याने पहिली तपासणी असते, म्हणजे ती जवळ आली असेल. त्या दिवशी त्यांनी मागावरून सुट्टी काढून आईबरोबर बार्शीला जावं. तुम्ही घरी राहा. उपचारांची फाइल पुढे ठेवून आत्यांच्या देखत डॉक्टरांना विचारावं: आईच्या अंगात कायमचं काही ठेवलेलं आहे का, घरात गरोदर बाई आहे तर काही पाळायचं आहे का, एका ताटात जेवलं तर चालेल का. तीनच प्रश्न, दोन मिनिटांचं काम. त्याच वेळी तुमच्या आईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला तरी डॉक्टर रागावणार नाहीत. तुम्ही हे आत्यांना सांगितलंत तर ते सुनेचं मोठेपण ठरेल. मुलाने विचारलं तर ‘माझ्यामुळे घराला त्रास होतोय’ हे त्यांच्या मनातून निघेल.

शेवटी एक तातडीचं. पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी ‘आता आणखी किरणं नकोत’ म्हणून आईंनी लांबवायला सांगितली आहे, असं तुम्ही ताजा कलमात लिहिलंय. लांबवू नका. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी असतात, एक्स-रे नसतो, त्याने डीएनएतून एकही इलेक्ट्रॉन उडत नाही. बाळाचं हृदय, कणा, मूत्रपिंडं नीट बघायची वेळ अठराव्या ते विसाव्या आठवड्याची, म्हणजे याच दिवसांतली. उद्या सकाळी फोन करून नंबर लावा, आणि जाताना तुमच्या त्या एक्स-रेची तारीख कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.